लॅटिनचं क्रियापद शेपटीकडून वाचा

लातूरला एका सिनियर वकिलांकडं ज्युनिअर म्हणून लागलो तेव्हा पहिली दोन वर्षं मी 'रिट ऑफ मँडॅमस' (सरकारी अधिकाऱ्याला त्याचं काम करायला लावणारा कोर्टाचा आदेश) हे शब्द इतक्यांदा टाइप केले की बोटांना पाठ झाले, पण मँडॅमस म्हणजे नेमकं काय हे ना मी कोणाला विचारलं ना मला कोणी सांगितलं, मनात आपलं असंच की असेल कुठल्यातरी जुन्या साहेबाचं आडनाव. मग एक दिवस सहज मोबाईलवर शोधलं तर कळलं की ते चक्क लॅटिन क्रियापद आहे, तेही पूर्ण चालवलेलं. मन्दामुस, म्हणजे 'आम्ही आज्ञा देतो'. शेवटचा 'मुस' म्हणजे आम्ही. कर्ता वेगळा लिहायची गरजच नाही, शेपटीतच बसलाय.

त्या दिवसापासून खोड लागली. तहसीलसमोर बसून आपण जे ॲफिडेव्हिट करतो ते मध्ययुगातलं लॅटिन क्रियापद, 'त्यानं शपथेवर सांगितलं'. युनोतला वेटो म्हणजे 'मी मनाई करतो'. औषधाच्या ट्रायलमध्ये खोटी गोळी देतात ती प्लासिबो, म्हणजे 'मी खूष करीन', भविष्यकाळ बरं का. पुण्याला जाणारी व्होल्वो म्हणजे 'मी गोल फिरवतो'. आणि संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या एमआयडीसीत ज्या गाड्या जोडायला लागले त्या ऑडी म्हणजे 'ऐक!', एकेरीत दिलेली आज्ञा. डॉक्टरच्या चिठ्ठीवर वरच्या कोपऱ्यात आरच्या पायाला तिरकी रेघ मारलेली असते ना, ते पण 'रेकिपे' चं छोटं रूप, म्हणजे 'घे'. सत्काराला देतात तो मेमेंटो म्हणजे 'आठवण ठेव'. इतकी क्रियापदं आपल्या आजूबाजूला आणि आपण सगळ्यांना नाम समजून बसलो.

दोस्त लोक म्हणतात लातुरात बसून लॅटिन काहून शिकायलास. मी आधी त्यांना तेरची गोष्ट सांगायचो, की आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर, तिथून आणि पैठणहून माल रोमच्या बाजारापर्यंत जायचा, पहिल्या शतकातल्या एका व्यापारी प्रवासवर्णनात दोन्ही गावांची नावं आहेत. पण ते वर्णन ग्रीकमध्ये आहे, लॅटिनमध्ये नाही, त्यामुळं हा पुरावा तसा लंगडाच. आता नुसतं सांगतो, आवडतं म्हणून शिकायलो.

खाली लिहिलंय ते एकदम नवीन माणसासाठी. संस्कृत येत नसलं तरी चालेल, दहावीपर्यंत घेतलं असेल तर अर्धं काम आधीच झालंय.

सगळ्यात आधी उच्चार ठरवा

लॅटिनचे उच्चार मुख्य दोन पद्धतीचे आहेत, एक जुना रोमन आणि एक चर्चमधला. चर्चवाले 'क' ला ए आणि इ च्या आधी 'च' करतात, जुन्या पद्धतीत तो कायम 'क'. मी जुना घेतलाय कारण त्यात एक अक्षर एक आवाज, आणि त्यांचा 'व' आपल्या मराठी 'व' सारखाच ओठ गोल करून, दात न लावता. कोणताही घ्या पण एकच धरा. आणि कोर्टात मात्र मँडॅमसच म्हणा, मी एकदा मन्दामुस म्हणून बघितलं, सगळे माझ्याकडंच बघायला लागले.

शब्द देवनागरीत लिहून काढा, फायदा होतो. रोमन लिपीत ऱ्हस्व-दीर्घ दाखवायला अक्षरावर रेघ मारावी लागते आणि बरेच जण ती मारतच नाहीत, आपल्याकडं अ-आ, इ-ई, उ-ऊ तयारच आहेत. अडचण फक्त 'ए' आणि 'ओ' ची. लॅटिनमध्ये हे दोन्ही आखूड पण असतात लांब पण, आणि आपल्याकडं प्रत्येकाला चिन्ह एकच. मी जिथं फरकानं अर्थ बदलतो तिथं लांब ए पुढं ऽ टाकतो. हा ऽ विसरू नका, पुढं ह्याच्यावरून मी तोंडावर पडलो ते सांगणार आहे. शब्दाच्या शेवटी 'त' किंवा 'न्त' आला तर मागं अ लावू नका, 'त' वरच थांबायचं.

सहा शेपट्या

पुस्तकं जवळपास सगळी 'अमो, अमास, अमत' नं सुरू होतात, म्हणजे प्रेम करतो. ठीक आहे, पण प्रेमापेक्षा मराठवाड्यात पाणी जास्त कामाचं, म्हणून मी 'पोर्तो' घेतो, वाहून नेतो.

पोर्तो: मी नेतो
पोर्तास: तू नेतोस
पोर्तत: तो नेतो, ती नेते
पोर्तामुस: आम्ही नेतो
पोर्तातिस: तुम्ही नेता
पोर्तन्त: ते नेतात

डावीकडचा 'पोर्ता' सोडून फक्त टोक बघा: ओ, स, त, मुस, तिस, न्त. एवढंच पाठ करायचंय पहिल्या आठवड्यात, दुसरं काही नाही. मराठीत आपण हेच करतो, फक्त लक्षात येत नाही. आपल्या बोलीत 'न्यायलो' म्हटलं की मी, 'न्यायलास' म्हटलं की तू, 'न्यायलोत' म्हटलं की आम्ही, 'न्यायलेत' म्हटलं की ते, 'मी' 'तू' कोण म्हणतंय मधी. लॅटिनवाले पण म्हणत नाहीत, अगदी जोर द्यायचा असेल तरच.

आणि हे महत्त्वाचं: 'नेतो' आणि 'न्यायलो' असे दोन वेगळे वर्तमानकाळ लॅटिनला नाहीत. पोर्तो म्हणजे रोज नेतो पण आणि आत्ता न्यायलो पण. रोमन माणूस भेटला की विचारायचा 'क्विद अगिस?' शब्दशः 'काय करायलास?', आणि अर्थ मात्र 'कसं काय, बरंय ना'. म्हणजे लातूरच्या बाजारात, गंजगोलाईत, आपण जसं विचारतो अगदी तसंच. मला हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला की समोरच्या चहावाल्याला सांगितलं, त्यानं साखर कमी टाकू का विचारलं.

दोन गोष्टींत मराठी माणूस घसरतो. एक, लिंग. आपण करतो-करते वेगळं करतो, लॅटिनच्या ह्या रूपांत पुरुष-बाई फरक नाही, 'पोर्तत' तिघांना चालतं, तो, ती, ते. दुसरी, आदर. 'तिस' म्हणजे तुम्ही, पण फक्त खरोखर अनेक माणसं असतील तेव्हा. जुन्या लॅटिनमध्ये एकट्या माणसाला, मग तो सासरा असो नाहीतर सीझर, 'तू' च. मी सरावाच्या वाक्यात आजोबांना कायम 'तिस' लावायचो, संस्कार आडवे यायचे.

संस्कृतवाल्यांना अजून एक खड्डा: पाणिनीच्या पद्धतीत प्रथम पुरुष म्हणजे 'तो', लॅटिनमध्ये पहिला पुरुष म्हणजे 'मी', आपल्या मराठी व्याकरणासारखं. मराठी धरून चला.

आता गट ओळखायचा

क्रियापदांचे चार गट आहेत आणि गट कळतो तो 'रे' लावलेल्या रूपावरून, ते म्हणजे आपलं 'नेणे, पिणे' मधलं 'णे'. त्या रे च्या आधी कोणता स्वर आहे ते बघायचं.

पोर्तारे, नेणे: आधी आ, पहिला गट.
हबेऽरे, जवळ असणे: आधी लांब ए, दुसरा.
बिबेरे, पिणे: आधी आखूड ए, तिसरा.
वेनीरे, येणे: आधी ई, चौथा.

दुसरा आणि तिसरा कानाला ओळखू येतो. हबेऽरे मध्ये जोर 'बे' वर पडतो, बिबेरे मध्ये पहिल्या 'बि' वर. डोळ्याला ओळखायचं तर 'मी' चं रूप बघा, दुसऱ्या गटात 'हबेओ' असं ए टिकून राहतो, तिसऱ्यात नुसतं 'बिबो'.

दुसरा गट सरळ आहे: हबेओ, हबेऽस, हबेत, हबेऽमुस, हबेऽतिस, हबेन्त. नवा पोप निवडला की व्हॅटिकनच्या गच्चीवरून 'हबेमुस पापाम' अशी घोषणा होते, 'आम्हाला पोप मिळाला', २०२५ च्या मे महिन्यात टीव्हीवर सगळ्यांनी ऐकली असेल, तो हाच हबेऽमुस. आपण म्हणायचं 'अक्वम नोन हबेऽमुस', आमच्याकडं पाणी नाही.

तिसरा गट वाकडा. बिबो, बिबिस, बिबित, बिबिमुस, बिबितिस, बिबुन्त. मधला स्वर कुठं इ कुठं उ. नियम शोधत बसू नका, संस्कृत शेजारी ठेवा: पिबामि, पिबसि, पिबति, पिबामः, पिबथ, पिबन्ति. बिबित आणि पिबति! दोन्ही भाषा एकाच मूळ भाषेतून फुटलेल्या, म्हणून हे चुलत भाऊ इतके सारखे दिसतात. तसंच सरपटतो ह्याला लॅटिनमध्ये 'सेर्पित', संस्कृतात 'सर्पति'. ओकतो ह्याला 'वोमित', संस्कृतात 'वमति'. वाहून नेतो ह्याला अजून एक शब्द 'वेहित', संस्कृतात 'वहति', आणि व्हेइकल हा शब्द त्याच घराण्यातला. मी अशी जोड्यांची वेगळी वहीच केली होती, तिसरा गट तिच्यामुळंच डोक्यात बसला.

चौथा गट: वेनिओ, वेनीस, वेनित, वेनीमुस, वेनीतिस, वेनिउन्त.

तिसऱ्या-चौथ्याच्या मधी लोंबकळणारी 'कपिओ' (पकडतो) सारखी काही क्रियापदं आहेत, रे रूप तिसऱ्यासारखं आणि 'मी' चं रूप चौथ्यासारखं. भेटली की बघू, आत्ता सोडा.

'असणे' हे मात्र सगळ्या गटांच्या बाहेर आणि ते आजच पाठ करा: सुम, एस, एस्त, सुमुस, एस्तिस, सुन्त. संस्कृत अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति. शेजारी लिहून एकदा मोठ्यानं म्हणा, दुसऱ्यांदा म्हणायची गरज पडत नाही.

करत होतो: मधी 'बा' घाला

हा भाग सोपा आणि सगळ्यात मजेचा. मूळ + बा + शेपटी. फक्त 'मी' साठी ओ च्या जागी म येतो. पोर्ताबम, पोर्ताबास, पोर्ताबत, पोर्ताबामुस, पोर्ताबातिस, पोर्ताबन्त. शेवटी म, त, न्त आला की आधीचा आ आखडून अ होतो, म्हणून 'बात' नाही 'बत'. बाकी गटांत हबेऽबम, बिबेऽबम, वेनिएऽबम.

एक शब्द नीट उघडून बघू. एप्रिल २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, वाघिणी भरून, जलदूत नाव होतं गाडीचं. त्याच्या आधीचे ते दिवस एका लॅटिन शब्दात बसतात: एक्स्पेक्ताबामुस. हा शब्द पुढून वाचला तर जीभ अडकते. मागून वाचा. टोकाला 'मुस': आम्ही. त्याच्या आधी 'बा': करत होतो. उरलं 'एक्स्पेक्ता': वाट बघणे. आम्ही वाट बघत होतो. आता पुढं 'अक्वम' लावा, पाण्याची. अक्वम एक्स्पेक्ताबामुस. दोन शब्दांत सगळं झालं. कोणतंही लांबलचक क्रियापद समोर आलं की असंच करायचं, आधी कोण, मग कधी, मग काय. मराठीत पण आपण कर्ता कोण ते वाक्याच्या शेवटीच ऐकतो की, 'बघत होतो' का 'बघत होते' ते.

करीन: इथं मी पडलो

भविष्यकाळ दोन तऱ्हेचा आहे. पहिल्या दोन गटांत मधी बो-बि-बु येतं: पोर्ताबो, पोर्ताबिस, पोर्ताबित, पोर्ताबिमुस, पोर्ताबितिस, पोर्ताबुन्त. वर सांगितलेला प्लासिबो म्हणजे मूळचा 'प्लकेऽबो', दुसऱ्या गटातला.

तिसऱ्या-चौथ्या गटात ब नाहीच, नुसता स्वर बदलतो: बिबम, बिबेऽस, बिबेत, बिबेऽमुस, बिबेऽतिस, बिबेन्त. चौथ्यात वेनिअम, वेनिएऽस, वेनिएत वगैरे.

आता बघा काय होतं. 'हबेत' म्हणजे त्याच्याकडं आहे, वर्तमान. 'बिबेत' म्हणजे तो पिईल, भविष्य. दोघांचं टोक सेम 'एत'. मी जवळजवळ दोन महिने 'बोस बिबेत' चा अर्थ 'बैल पाणी प्यायलाय', म्हणजे आत्ता पितोय, असा लावत होतो, आणि वहीत पानंच्या पानं तशी भरली. एका परिच्छेदात सगळी माणसं आधीच पिऊन, झोपून, उठून बसलेली दिसायला लागली तेव्हा शंका आली. खरं तर बैल अजून हौदापर्यंत पोचलाच नव्हता. म्हणून गट कोणता हे माहीत नसताना शेपटी वाचू नका, एत दिसलं की आधी विचारा, हा दुसऱ्या गटातला का तिसऱ्यातला. शब्द पाठ करताना 'बिबो' एकटा पाठ करू नका, 'बिबो, बिबेरे' असा जोडीनंच करा. माझी सगळी चूक एवढीच होती, मी आळस करून एकच रूप लिहून ठेवायचो.

केलं: नवीन शेपट्या

पूर्ण झालेल्या कामाला मूळ पण बदलतं आणि शेपट्या पण. शेपट्या: ई, इस्ती, इत, इमुस, इस्तिस, एरुन्त. चांगली बातमी ही की ह्या चारही गटांना एकच आहेत. वाईट बातमी ही की मूळ कसं बदलेल ते शब्दागणिक पाठ करावं लागतं. पोर्तो चं पोर्तावी, हबेओ चं हबुई, बिबो चं बिबी, वेनिओ चं वेऽनी. डिक्शनरीत प्रत्येक क्रियापदाची चार रूपं देतात, तिसरं हेच असतं: पोर्तो, पोर्तारे, पोर्तावी, पोर्तातुम. चौथं सध्या नुसतं वाचून पुढं जा.

सीझरचं वेऽनी, वीदी, वीकी सगळ्यांना माहितीये, इसवी सन पूर्व ४७ ला आजच्या तुर्कस्तानातल्या झेला इथं लढाई झटपट संपली त्यावरचं. आलो, पाहिलं, जिंकलं. मराठीत बघा, 'आलो' मध्ये मी दिसतो पण 'पाहिलं' मध्ये मी गायब, कारण आपल्याकडं अशा वाक्यात क्रियापद कर्माच्या मागं जातं: मी पाणी आणलं, मी घागर आणली, मी घागरी आणल्या. लॅटिनमध्ये काहीही आणा, एक घागर का शंभर टँकर, मी आणलं तर 'पोर्तावी' च. ही सवय मोडायला मला वेळ लागला, कारण डोकं आपोआप घागरी मोजायला लागतं.

आणि तो ऽ. 'वेनित' म्हणजे यायलंय. 'वेऽनित' म्हणजे आलं. नुसत्या ए च्या लांबीवर सगळं. ज्या गल्लीत नळाला आठवड्यानं पाणी येतं तिथल्या माणसाला 'अक्व वेनित' आणि 'अक्व वेऽनित' मधला फरक समजावून सांगावा लागत नाही, एकात अजून बादल्या शोधायला वेळ आहे, दुसऱ्यात मोटर लावायला पळायचं. रोमन लिपीतल्या साध्या छपाईत मात्र दोन्ही सारखेच छापतात, तिथं मागच्या-पुढच्या वाक्यावरून ठरवायचं. बिबित तर अजून भारी, 'पितो' आणि 'प्याला' दोन्हीला हुबेहूब तेच रूप, ऱ्हस्व-दीर्घाचा पण फरक नाही.

रोज काय करायचं

वीस मिनिटं पुरतात. मी जुन्या कॉज लिस्टच्या (कोर्टातल्या त्या दिवशीच्या केसेसची यादी) कोऱ्या पाठीवर एका दिवशी एक क्रियापद लिहायचो, सहा रूपं, शेजारी आपल्या बोलीतली सहा, न्यायलो-न्यायलास करत. मोठ्यानं म्हणायचं, तोंडाला वळण लागल्याशिवाय काही खरं नाही. रात्री विक्शनरी ह्या ऑनलाइन डिक्शनरीवर तपासायचं, तिथं प्रत्येक क्रियापदाचा पूर्ण तक्ता रेघांसकट असतो. पण तो तक्ता पाठ करायला घेऊ नका, शंभराच्या वर खाने असतात, बघून माणूस लॅटिन सोडून देतो. पहिला महिना वर्तमान आणि बा, दुसरा महिना भविष्य आणि ई-इस्ती-इत. ह्यापेक्षा घाई केली तर बैल माझ्यासारखा हौदाच्या आधीच पाणी पितो.

आज्ञा द्यायची असेल तर रे काढून टाका, झालं: पोर्ता, ने. बिबे, पी. वेनी, ये. अनेकांना सांगायचं तर शेवटी 'ते' लावा: पोर्ताते, वेनीते. तिसऱ्या गटात थोडं बदलतं, बिबिते. सरकारी पत्रात 'व्हाइड लेटर नंबर अमुक' असतं ते पण आज्ञाच, विदेऽ, 'बघ'. बाबूलोक एकमेकांना शंभर वर्षं एकेरीत आज्ञा द्यायलेत आणि कोणाला पत्ता नाही.

हे उलगडून बघा, वहीत लिहून मगच खाली जा: अक्वम पोर्ताबन्त. क्रास वेनिएत. नोन बिबिमुस. अक्वम हबेऽबिमुस.

पहिलं, ते पाणी वाहून नेत होते. दुसऱ्यात क्रास म्हणजे उद्या, उद्या येईल. तिसरं, आम्ही पीत नाही, किंवा प्यालो नाही, वर सांगितलेली बिबो ची भानगड. चौथ्यात 'आम्ही बाळगत होतो' असं लिहिलं असेल तर मधला बि परत बघा, तो बा नाही. आमच्याकडं पाणी असेल.

कोर्टातले हेबिअस (हेबिअस कॉर्पस मधलं) आणि कॅव्हेट ('आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका' असा अर्ज) हे वेगळ्या खात्यातले, आपल्या 'असावं, राहावं' सारखे, हबेआस म्हणजे 'तुझ्याकडं असावं', कवेअत म्हणजे 'त्यानं सावध राहावं'. तिथं पण शेपट्या त्याच आहेत, स आणि त, फक्त आधीचा स्वर पालटतो. कर्मणी रूपं त्याच्याही नंतर. तोपर्यंत कोणी कॅव्हेट दाखल केली तर टोकाचा त ओळखता आला तरी पुष्कळ.